पंच क्रमांक दोन

१२ जाने., सोम.
दुपारी ऑफिसात वीज गेली, टपालाचे बुक तसेच राहिले. चहाच्या वेळी सगळे त्या नव्या कायद्यावरच बोलत होते. राज्याने दहशतवादाच्या शिक्षा वाढवल्या, नुसती साथ देणाराही आत, जामीन मिळता मिळत नाही. ढोबळे म्हणाले, "आपल्याले काय कराचं हाये मॅडम, आपन सरकारी मानसं." खरं आहे.
घरी हेही खूश. शाळेतून येताना पेपर काखेत. "आता बसेल वचक." गणिताच्या मास्तरला सगळ्याचं उत्तर एकच येतं.
रात्री जेवणाआधी सागरचा पुण्याहून फोन. त्याला कायदा पटत नाही. मग नेहमीचं, आई, पल्लवीशी लग्नाचं काय ठरलं? मी म्हटलं, काय ठरायचं आहे त्यात. कापसाच्या जिनिंगमधल्या मजूर बाईची पोर. शिकली असेल, पण करते काय, तर जिनिंगच्या बाया गोळा करून त्यांचा तो मंच चालवते. नोकरी नाही. आपल्यातली नाही. तो म्हणाला, "तू एकदा भेट तरी." भेटेन म्हटलं. टाळायला.

१५ जाने.
काल संक्रांत. हळदीकुंकवाला शेजारच्या अकरा जणी, ऑफिसातल्या चौघी. वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या. पाचच्या सुमाराला दारात पल्लवी आणि तिची आई. सागरनेच पाठवलेल्या, मला न सांगता. मुद्दाम माणसं असताना, म्हणजे मला नाही म्हणता येऊ नये.
पोरगी काळीसावळी, डोळे मोठे, सरळ बघते. पाया पडली. आई रेखाबाई, वाळलेली, कापसाच्या धुळीचा खोकला. विधवा. चार बायांसमोर तिला आत कशी घेऊ? व्हरांड्यातच खुर्च्या दिल्या. तिळगूळ दिला. पल्लवीला कुंकू लावलं, वाण दिलं नाही. गाळण्या तीन उरल्या होत्या.
रेखाबाई म्हणाली, "पोट्टं चांगलं हाये तुमचं, ताई. लय जीव लावते." मी म्हटलं, तो सगळ्यांनाच लावतो, लहानपणी कुत्र्याची पिल्लं आणायचा. आत शेजारच्या वैद्यबाई हसल्या. त्या दोघी दहा मिनिटांत उठल्या. जाताना पल्लवी म्हणाली, "येतो काकू." रागावली असती तर बरं वाटलं असतं.
हे वाईट वागणं होतं. लिहून ठेवते. पण परत वेळ आली तर परत असंच वागेन.

३० जाने., शुक्र.
पेपरात यादी. नव्या कायद्याखाली ज्या संघटना बेकायदा ठरवल्या त्यांत पल्लवीचा मंचही. पाचवी ओळ. तीनदा वाचली.
सागरला मीच फोन केला. तो म्हणाला, त्यांनी त्याच दिवशी मंच बंद केला, पाटी काढली, आता काही नाही. घाबरलेला वाटला. मी म्हटलं, बघितलंस? तो म्हणाला, "आई, त्या जिनिंगमध्ये पाळणाघर मिळावं म्हणून भांडत होत्या. तान्ही पोरं रुईच्या ढिगावर झोपवतात."
मला खरं काय वाटलं ते लिहिते. हायसं वाटलं. आता तोच मागे सरेल.

१० फेब्रु., मंगळ.
पोलिसांचं पत्र आलं ऑफिसात, आमच्या साहेबांकडे. झडतीसाठी दोन सरकारी कर्मचारी पंच म्हणून हवेत, एक स्त्री. साहेबांनी ढोबळेंचं आणि माझं नाव दिलं. कुणाच्या घरी, काय, काही सांगत नाहीत. उद्या सकाळी साडेपाचला तयार राहा, गाडी येईल. हे म्हणाले, "सही करायची अन् यायचं. काही बोलायचं नाई." पोळ्यांची कणीक आजच मळून ठेवली.

११ फेब्रु., बुध.
क्रमाने लिहिते.
गाडीत पोलीस पथकाचे साहेब पुढे. बाहेरगावचे, पन्नाशीचे, गोड बोलणारे. वेणा नदीकडच्या वस्तीत गाडी वळली तेव्हा पत्ता कळला, पल्लवीचा. साहेबांनी विचारलं, "कुणी ओळखीचं आहे का या घरात? असेल तर आत्ताच सांगा, दुसरे पंच बघू."
ढोबळे म्हणाले नाही. मी म्हणाले नाही.
का म्हणाले? हो म्हटलं असतं तर कशी ओळख ते सांगावं लागलं असतं. ढोबळेंसमोर सागरचं निघालं असतं, उद्या ऑफिसभर झालं असतं. हे एक. दुसरं, मला ते घर आतून बघायचं होतं. माझ्या मुलाला ज्या घरात जावंसं वाटतं ते.
दोन खोल्या. स्वच्छ. ओट्याला घासून घासून खड्डे पडलेले. पल्लवी उठून केस बांधत होती. तिने मला पाहिलं. रेखाबाईनेही पाहिलं. दोघींनी ओळख दाखवली नाही. एकीनेही नाही. मी साहेबांच्या मागे उभी राहिले.
झडती तासभर. पुस्तकं, गादी, देव्हारा, फळीवरचे डबे. फोन घेतला, लॅपटॉप घेतला. तेवढंच. साहेब वैतागले. शिपाई म्हणाला, काही नाही सर. म्हणजे आता परतच फिरायचं होतं.
रेखाबाई ज्वारीच्या कोठीला टेकून उभी होती. तासभर तिथून हलली नव्हती. खोकला आला तरी तोंडाला पदर लावून तिथेच. बाई कुठे काय ठेवते ते बाईलाच कळतं.
मी म्हटलं, "कोठी पाह्यली का?"
तीन शब्द. मोठ्यानेही नाही.
साहेब वळले. रेखाबाईला बाजूला केलं. शिपायाने ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला. पिशवी निघाली. तीत मंचाचं सभासदांचं रजिस्टर, पत्रकांचे चार गठ्ठे, एक शिक्का. साहेब खूश. "मॅडम, तुम्ही आमच्या खात्यात पाहिजे होत्या." शिपाई हसला. मीही हसले थोडी. हसले हे खरं आहे.
पल्लवी म्हणाली, "साहेब, ते सगळं बंदीच्या आधीचं हाये. तारखा पाहा." साहेब म्हणाले, "तर मग लपवलं कशाला?" ती म्हणाली, "बायांच्या सह्या हायेत त्याच्यात. जाळू नाई शकलो."
मग पंचनाम्यासाठी रजिस्टरातली नावं मोठ्याने वाचली. सगळ्या जिनिंगच्या बाया. आणि मध्येच: सागर उमाटे, हिंगणघाट. अक्षर त्याचंच. उमाटेतल्या टे ची मात्रा तो लहानपणापासून लांब ओढतो.
साहेबांनी मान वर केली. "मॅडम, तुमच्यापैकीच का कोणी?"
"उमाटे इकडं गल्लोगल्ली आहेत, साहेब."
पल्लवी खाली बघत होती. तिलाही विचारलं, हा कोण? म्हणाली, "आला होता एकदोनदा कोनीतरी. मग आलाच नाई. मले नाई माईत."
पंचनाम्याच्या यादीत सात वस्तू. मी सहाच निघालेल्या पाहिल्या: फोन, लॅपटॉप, रजिस्टर, पत्रकं, शिक्का, पिशवी. सातवी म्हणून एक लाल पुठ्ठ्याची पुस्तिका, बंदी असलेली. ती कोठीतून निघाली नाही. कुठूनच निघाली नाही. टेबलावर होती एवढं खरं. सीलच्या चिठ्ठ्या कोऱ्याच होत्या. "सह्या करून ठेवा, सील गाडीत करू." ढोबळेंनी केल्या. मी केल्या. चौदा सह्या. सौ. सुरेखा विलास उमाटे, पंच क्र. २.
पंचनाम्यात लिहिलंय, पथकाने बारकाईने झडती घेतली असता मिळून आले. मी कुठेच नाही त्यात.
पल्लवीला गाडीत बसवलं. दहा वाजता मी ऑफिसात. टपाल केलं.

१२ फेब्रु.
सागरचा फोन सकाळी. रडत होता. इतका मोठा झाल्यावर रडताना ऐकला नव्हता. "आई, पल्लवीला उचललं." मी म्हटलं, अरे देवा. अरे देवा म्हणाले मी.
ह्यांना रात्रीच सगळं सांगितलं. कोठीचं सोडून. हे म्हणाले, "पोट्ट्याचं नाव नाई ना आलं कुठं?" नाही म्हटलं.

१५ फेब्रु., रवि.
सागर आलाय. दाढी वाढलेली. वर्ध्याच्या वकीलबाई केल्या आहेत, आधी कामगारांच्या केसेस बघायच्या. दिवसभर बाहेर. जेवताना म्हणाला, घरात काहीच नव्हतं, कोठीत कसं काय हात घातला त्यांनी? कुणीतरी खबर दिली. मंचातलंच कुणीतरी फुटलं.
मी त्याला भाजी वाढली. दोडका. त्याला आवडत नाही हे वाढल्यावर लक्षात आलं. त्याने खाल्ला.

२१ फेब्रु.
रजिस्टरातल्या बायांना एकेक करून बोलावून राहिले. दिवसभर बाकावर बसवतात, नाव-गाव विचारून सोडतात, परवा परत या. तान्ही पोरं घेऊन बसतात. जिनिंगवाल्याने रेखाबाईला काढलं. आणखी दोघींना काढलं. त्यातल्या एकीने चौकात सगळ्यांसमोर रेखाबाईच्या तोंडावर थुंकलं म्हणे. "तुह्या पोरीपायी."
सागर हे सांगत होता आणि मी मेथी निवडत होते. पान देठ, पान देठ. एकदाही हात थांबला नाही. याचंच आश्चर्य वाटतं.

५ मार्च, गुरु.
पथकाचे साहेब ऑफिसात आले. साध्या कपड्यांत. आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये मला बोलावलं, आमचे साहेब चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर गेले.
रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. "उमाटे गल्लोगल्ली आहेत म्हणाल्या होत्या. हा तर तुमच्याच गल्लीतला निघाला."
 ते समजावून सांगत राहिले, शाळेत सांगावं तसं. या कायद्यात काही केलं पाहिजे असं नाही, सभासद असणं पुरतं. मंच बंदीत, सागर सभासद. शिवाय पंचाने ओळख लपवली, तीही सरकारी नोकर, तिच्यावर वेगळी केस. "पण मी बापमाणूस आहे, मॅडम. पोरगी म्हणते, ती त्याला ओळखत नाही. तुम्ही म्हणता, उमाटे पुष्कळ. मग मला तरी कुठं घाई आहे? सातही वस्तू तुमच्या समोर निघाल्या, तुमच्या समोर सील झाल्या. कोर्टात एवढं म्हणायचं. पंचनाम्यात आहे तेच. नवीन काही सांगत नाही मी तुम्हाला."
चहा आला. त्यांनी बशीत ओतून प्यायला. जाताना म्हणाले, "कोठीचं मी कुणाला सांगितलं नाही बरं का."

१३ मार्च
जामीन फेटाळला. सागर कोर्टातून बसने आला, चप्पल न काढता आत येऊन बसला. वकीलबाई म्हणतात, रजिस्टर जुनं आहे, त्यावर भांडता आलं असतं. ती लाल पुस्तिका नडली. तिच्यावरची तारीख बंदीनंतरची, त्यामुळे मंच नंतरही चालू होता असं होतं. पल्लवी शपथेवर सांगते, ती पुस्तिका तिने जन्मात पाहिली नाही.
हे म्हणाले, "आरोपी असंच म्हणते." सागर ताटावरून उठला.
मी ते ताट मग स्वतः जेवले. अन्न टाकत नाही आपण.

३ एप्रिल, शुक्र.
आज रेखाबाई घरी आली. मी रजेवर, हे शाळेत, सागर नागपूरला तुरुंगात भेटीसाठी गेलेला. अडीच वाजताचं ऊन. दार उघडलं तर ती. संक्रांतीला बसली होती त्याच व्हरांड्यात आपणहून टेकली. मी आत ये म्हटलं तर म्हणाली, "नाई, इथंच बरं हाये."
मला वाटलं, आता शिव्या देईल. तयारच होते. उत्तरं तयार होती.
म्हणाली, "त्या दिवशी तुमाले दारात पाह्यलं अन् मले वाटलं, देवच आला. पल्लवीनं डोळ्यानं खुनवलं, आई, ओळख नको दाखवू, नाईतर काकूले हाकलून देतीन. आपल्या बाजूचं एक तरी मानूस घरात राहू दे."
 ती खोकली. पाणी दिलं.
"मग तुमी कोठीचं काऊन बोलल्या, ताई?"
विचारलं कसं, तर रस्ता विचारावा तसं. तिला खरंच कळलं नव्हतं. दीड महिना विचार करूनही कळलं नव्हतं. तिला वाटत होतं माझा काही हिशेब असेल, पोरीच्या भल्याचा, तिला न समजणारा.
मी म्हटलं, तोंडून निघून गेलं.
"हो," म्हणाली. "निंगून जाते तोंडातून." पाणी प्यायली. "सागरले नाई सांगितलं मी. पल्लवीनंच सांगितलं, नको सांगजो म्हणून. माय हाये ना त्याची."
गेली. पाण्याचा पेला पायरीवर ठेवून गेली, विसळून. नळ बाहेर आहे, तिथे विसळला तिने.
मला तिची दया आली नाही. राग आला. दोघींचाही. एवढं चांगलं वागून माणसाला कुठे उभं राहायला जागा ठेवत नाहीत.

१९ मे, मंगळ.
दोषारोपपत्राची प्रत वकीलबाईंना मिळाली. सागरने झेरॉक्स घरी आणली. जेवणाच्या टेबलावर पसरून वाचत होता. मी पोळ्या लाटत होते. पंख्याने पानं उडत होती, त्याने त्यावर मिठाची बरणी ठेवली.
"आई."
मी वळले नाही.
"आई, पंच क्रमांक दोन."
पोळी करपली. मी ती उलटली.
तो ओरडला नाही. विचारत गेला. तू होतीस? हो. तिथे? हो. मी रडत फोन केला तेव्हा तुला ठाऊक होतं? हो. तिने तुला पाहिलं? हो. मग हळूच, "कोठीचं कोणी सांगितलं, आई?"
खोटं बोलता आलं असतं. ढोबळे म्हणता आलं असतं. पण कंटाळा आला होता. म्हटलं, मी.
हे मधे पडले, "तिनं तुह्यासाठीच केलं, बेट्या, तुले त्या भानगडीतून..." सागरने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "तिने माझं नाव नाही घेतलं. अठरा दिवस कोठडीत विचारत होते. तिने नाही घेतलं. आणि तू..."
 पानं गोळा केली, बरणी परत जागेवर ठेवली, बॅग भरली. रात्रीची बस. मी डबा दिला तो घेतला नाही.

२० जून
वकीलबाई म्हणाल्या होत्या हायकोर्टात बघू. तिथेही नाही. जिल्ह्यातला या कायद्याखालचा पहिलाच खटला, म्हणून लवकर चालवणार आहेत म्हणे. सागरचा फोन नाही. ह्यांना करतो, दोन मिनिटं, मग ठेवतो. नोकरी सोडून वर्ध्याला खोली घेतलीय, रेखाबाईला जवळ आणलंय. तिला आई म्हणतो का? हे विचारायचे धाडस ह्यांनी केलं नाही.

९ ऑग., रवि.
ऑफिसातल्या बाया गिरडला दर्ग्यावर गेल्या, मलाही ओढून नेलं. टेकडीवर वारा खूप. म्हणतात, इथं मागितलेलं मिळतं. मी हात जोडले आणि काय मागावं ते सुचेना. ती सुटावी म्हटलं तर सागर आत. सागर वाचावा म्हटलं तर ती आत. शेवटी गुडघेदुखीचं मागितलं.

१ सप्टें., मंगळ.
आज ढोबळेंची साक्ष झाली. संध्याकाळी घरी येऊन गेले, पेढे घेऊन, मुलीचं लग्न जमलंय. "जसं लेखी हाये तसं बोललो. सातही वस्तू पाह्यल्या म्हनलो. दहा मिन्टात मोकळा." मी विचारलं, सातवी पाहिली होती का तुम्ही? ते पेढ्याच्या खोक्याकडे बघत म्हणाले, "आता काय आठवते, मॅडम. सही हाये ना आपली."
मला समन्स शुक्रवारचं.

२ सप्टें.
पथकाचे साहेब आले नाहीत, फोनही नाही. नुसता व्हॉट्सॲपवर नमस्काराचा हात.
वकीलबाईंचा फोन मात्र आला. म्हणाल्या, "मी तुम्हाला काय बोला ते सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. उलटतपासणीत एकच विचारीन. सातवी वस्तू तुम्ही निघताना पाहिली का? आणि चिठ्ठ्या कोऱ्या होत्या का? जे पाहिलं ते सांगा." मी विचारलं, सांगितलं तर माझ्या मुलाचं? त्या म्हणाल्या, "त्याने मला सांगून ठेवलंय, त्याचा विचार करायचा नाही. पण आई म्हणून तुम्ही विचारताय तर, हो, उचलू शकतात."

३ सप्टें., गुरु.
रेखाबाईने निरोप पाठवला, ह्यांच्या फोनवर. हे स्पीकर लावून ऐकत होते. "पल्लवी म्हने, काकूले सांगजो, सही हाये तेच बोलून द्या. सागरले भाहेर राहू द्या. मी तर आत हावोच."
हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ. पोट्टीच म्हनून राह्यली." ह्यांच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं. संपला प्रश्न, उत्तर आलं.
आणि सागरचा मेसेज, साडेतीन महिन्यांनी पहिला. एकच ओळ. "मी आत गेलो तरी चालेल, खरं बोल."
दोघं एकमेकांना वाचवतात आणि चाकू माझ्या हातात देतात. लहानपणी भाकरीचा अर्धा तुकडा दुसऱ्याला देणारी पोरं कौतुकाची वाटतात. अशांच्या मध्ये सापडलं की काय होतं ते मला विचारा.
पल्लवी सून म्हणून आली असती तर रोज अशीच वागली असती. रोज मी वाईट ठरले असते. हे मनात आलं. आज, या दिवशी, हे मनात आलं. लिहिते.

४ सप्टें., शुक्र. वर्धा. दुपार.
साडेसातची बस. हे सोबत येतो म्हणाले, मीच नको म्हटलं. कोर्टात साडेदहाला. अकराला पुकारा.
शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, मी हो म्हणत गेले. झडती समोर झाली? हो. ही सही तुमची? हो. ही? हो. चौदा वेळा हो. सातवी वस्तू हातात धरून दाखवली, लाल पुठ्ठा. ही पंचनाम्यात आहे? आहे. ती खरंच आहे पंचनाम्यात. खोटं अजून एकही बोलले नाही. साहेब मागच्या बाकावर, मान हलवत होते, मुलाने पाढे बरोबर म्हणावेत तशी.
पल्लवी समोर. वजन निम्मं. केस कापलेत, उवा झाल्या होत्या म्हणे. मी पिंजऱ्यात चढले तेव्हा तिने सवयीने मान झुकवली, मोठ्या माणसाला झुकवतात तशी. वकीलबाई उलटतपासणीला उठल्या आणि न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. जेवणानंतर.
आता बाहेर बाकावर बसून लिहितेय. माणसं ये-जा करतात. साहेब समोरून गेले, लांबूनच हसले, बोटाने डबा खाल्ल्याची खूण केली, म्हणजे जेवून घ्या. कॉरिडॉरच्या टोकाला सागर आणि रेखाबाई. सागर बारीक झालाय. शर्ट मी घेतलेला नाही, नवा आहे.
आत जाऊन काय बोलणार, मला अजून ठाऊक नाही. हे वाचणारं कुणी नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही. ठाऊक नाही. पल्लवीकडे बघितलं की एक उत्तर येतं, सागरकडे बघितलं की दुसरं, आणि दोघांकडे न बघता विचार केला तर वाटतं, पेन्शनला सहा वर्षं राहिली.
आत्ता सागर उठून आला. माझ्या बाकावर बसला. शेजारी नाही, मध्ये एका माणसाची जागा सोडून. समोर बघत म्हणाला, "जेवलीस?"
नाही म्हटलं.
"जेऊन घे. उभं राहावं लागंन अजून."
डबा उघडला. त्याच्याकडे केला. त्याने पाहिलं, घेतला नाही, नको असंही म्हणाला नाही. हात मांडीवर तसाच. शिपाई दारात आला, माझं नाव पुकारून राहिला